सोसायटीच्या खात्याला दोन कुलपं: नेटबँकिंगची घडी अशी बसवा

सोसायटीच्या चेकवर दोन सह्या लागतात. एक सेक्रेटरीची आणि दुसरी अध्यक्ष किंवा खजिनदार यांच्यापैकी एकाची. त्यामागचं कारण कमिटीतल्या कुणालाही सांगावं लागत नाही. पण त्याच खात्याला नेटबँकिंग जोडलं की बऱ्याच ठिकाणी चित्र पालटतं. दोन्ही युजर आयडी खजिनदाराच्या डायरीत, दोन्ही पासवर्ड त्याच पानावर, आणि ओटीपी येतो तो फोन ऑफिसात मॅनेजरच्या टेबलावर चार्जिंगला लावलेला. बँकेच्या फॉर्मवर दोन माणसं दिसतात, पण प्रत्यक्षात सह्या मारून ठेवलेलं कोरं चेकबुक उघड्यावर पडलेलं असतं.

उदाहरण सोसायटीचं घेतलं आहे, पण दोन भागीदारांचं दुकान, क्लिनिक किंवा ट्रस्ट यांनाही यातलं जवळपास सगळं लागू पडतं.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की हवी. एनईएफटी, आरटीजीएस किंवा आयएमपीएसने पैसे दुसऱ्या बँकेत जमा होतात ते खाते क्रमांकावरून. तुम्ही टाकलेलं नाव आणि तिथल्या खातेदाराचं नाव जुळतं का, हे जमा करताना तपासलं जाईलच असं नाही. आणि एकदा जमा झालेली रक्कम तुमची बँक स्वतःहून ओढून आणू शकत नाही. त्यासाठी समोरच्याची संमती किंवा पोलीस-कोर्टाची वाट धरावी लागते. त्यामुळे खरी राखण ‘कन्फर्म’ दाबायच्या आधीच करायची असते.

दोन घटक कशाला म्हणायचं

ओळख पटवायचे तीन प्रकार आहेत: तुम्हाला माहीत असलेलं (पासवर्ड, पिन), तुमच्याजवळ असलेलं (नोंदवलेला फोन, सिम, टोकन) आणि तुमच्या अंगचं (बोटाचा ठसा, चेहरा). रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०२५ मध्ये काढलेले निर्देश १ एप्रिल २०२६ पासून लागू आहेत. त्यांनुसार डिजिटल व्यवहाराला किमान दोन वेगळे घटक हवेत. दुकानात कार्ड प्रत्यक्ष वापरून होणारे व्यवहार सोडले, तर त्यातला किमान एक त्या व्यवहारापुरताच तयार झालेला हवा. शिवाय एक घटक चोराच्या हाती लागला म्हणून दुसरा कुचकामी ठरता कामा नये.

शेवटची अट नीट वाचा, कारण घोळ तिथेच होतो. लॉगिन पासवर्ड आणि ट्रान्झॅक्शन पासवर्ड मिळून दोन घटक होत नाहीत. दोन्ही ‘माहीत असलेलं’ या एकाच प्रकारात मोडतात, आणि डायरीचं एक पान फाडलं की दोन्ही जातात. पासवर्ड फोनच्या नोट्समध्ये आणि ओटीपी त्याच फोनवर, हीसुद्धा फसवी जोडी आहे. फोन गेला की सगळं गेलं.

बँकेत जाण्याआधी

कमिटीच्या सभेत ठराव करून घ्या. त्यात कोण मेकर (व्यवहार भरणारा), कोण चेकर (मंजुरी देणारा), कोणती मर्यादा, आणि माणूस बदलल्यावर आयडी कोणी बंद करायचा हे सगळं लिहा. नुसतं ‘नेटबँकिंग सुविधा घेण्याचे ठरले’ असा एका ओळीचा ठराव बँक स्वीकारते, पण उद्या वाद झाला तर तो काही कामाचा नाही.

बँकेत गेल्यावर साधं वैयक्तिक नेटबँकिंग मागू नका, व्यावसायिक किंवा कॉर्पोरेट नेटबँकिंग मागा. संयुक्त सहीच्या खात्याला वैयक्तिक प्रकारात बहुतेक बँका फक्त शिल्लक बघायची सोय देतात, पैसे पाठवू देत नाहीत. खातं लहान सहकारी बँकेत असेल तर आणखी एक प्रश्न विचारा: ‘तुमच्याकडे व्यवहार करता येणारं नेटबँकिंग आहे, की फक्त बघता येणारं?’ काही सहकारी बँकांकडे फक्त बघण्याचीच सोय असते.

भूमिका अशा वाटा: व्यवहार भरणारा मेकर म्हणजे मॅनेजर किंवा खजिनदार. मंजुरी देणारे चेकर दोन, म्हणजे सेक्रेटरी आणि अध्यक्ष. हिशेब तपासणाऱ्याला फक्त बघण्याचा आयडी. मेकरला मंजुरीचा अधिकार अजिबात नको, ‘अडीअडचणीला असू दे’ म्हणूनही नको. लाभार्थी (ज्याला पैसे पाठवायचे त्याचं खातं) जोडायलासुद्धा चेकरची मंजुरी लागेल अशी सेटिंग मागून घ्या. कित्येक बँकांच्या फॉर्मवर तो चौकोन वेगळा असतो आणि तो रिकामाच राहून जातो.

मर्यादा खर्च बघून ठरवा. समजा ८० फ्लॅटची सोसायटी आहे. सिक्युरिटी एजन्सीचे महिन्याला ९२,०००, हाउसकीपिंगचे ३८,०००, शिवाय वीजबिल, टँकर, लिफ्टची देखभाल. मोठ्यातली मोठी नेहमीची रक्कम लाखाच्या आत आहे. मग ४०,००० पर्यंत एक चेकर, त्यावर दोन, एका व्यवहाराची कमाल मर्यादा १ लाख आणि दिवसाची २ लाख पुरे. बँक आपणहून १० किंवा २५ लाखांची मर्यादा देऊ करते, ती नम्रपणे नाकारा. प्लास्टर-रंगकाम निघालं की तेवढ्यापुरती लेखी पत्र देऊन वाढवता येते. काम संपल्यावर पुन्हा खाली आणायचं मात्र सहसा कुणाच्या लक्षात राहत नाही, म्हणून तारीख ठरावातच टाका.

प्रत्येक आयडीला त्या त्या माणसाचा स्वतःचा मोबाइल नंबर जोडा. ऑफिसचा सामायिक नंबर कुठल्याही चेकरला नको.

दुसरा घटक कोणता घ्यावा

एसएमएस ओटीपी सगळ्यांकडे चालतो आणि त्यातच सर्वांत जास्त भोकं आहेत. चोर तुमच्या नावावर दुसरं सिम काढतो. किंवा ‘वाहतूक चलन’, ‘लग्नाची पत्रिका’, ‘वीजबिल थकलं’ अशा नावाची एपीके फाइल (जी उघडली की फोनमध्ये नवं अॅप बसतं) व्हॉट्सअॅपवर येते, ती टाकताना एसएमएस वाचायची परवानगी दिली जाते आणि प्रत्येक ओटीपी आपोआप भलत्याच नंबरवर जात राहतो. फोन खिशातच असतो, म्हणून पैसे जाईपर्यंत संशयही येत नाही.

बँकेच्या अॅपमधलं टोकन, म्हणजे एसएमएसऐवजी अॅपमध्येच मंजुरी द्यायची सोय, त्याहून बरं. ते एका फोनला बांधलेलं असतं, आणि चांगल्या बँकांचं टोकन मंजुरी मागताना रक्कम व लाभार्थी पडद्यावर दाखवतं. कमिटीतले काका-काकू सहा महिने अमेरिकेत मुलीकडे जातात, तिथेही हे टोकन वायफायवर चालतं. एसएमएस ओटीपीला मात्र भारतीय सिम रोमिंगवर जिवंत ठेवावं लागतं, आणि ते बंद पडलं की सोसायटीचे सगळे पगार अडकतात. नवा फोन घेतला की टोकन पुन्हा नोंदवावं लागतं आणि बऱ्याच बँका सुरुवातीला मर्यादा कमी ठेवतात. म्हणून महिन्याच्या ५ तारखेला पगार काढायचे असतील तर ४ तारखेला फोन बदलू नका.

हार्डवेअर टोकन म्हणजे किल्लीच्या जुडग्याला अडकवता येईल एवढं छोटं यंत्र. दर ३० किंवा ६० सेकंदांनी त्यावर नवा आकडा येतो. सिमशी संबंध नाही, इंटरनेटशी नाही, म्हणून एपीकेवाल्या चोराला ते दिसतच नाही. पण त्याचं घड्याळ वर्षानुवर्षांत थोडं पुढेमागे सरकतं, आणि मग बरोबर वाचून टाकलेला आकडाही ‘चुकीचा’ ठरतो. अशा वेळी पुन्हा पुन्हा प्रयत्न करून आयडी लॉक करून घेऊ नका. बँकेला सांगून टोकन जुळवून घ्या.

काही बँका कॉर्पोरेट खात्याला डिजिटल सहीचं प्रमाणपत्र लावू देतात. ते पेनड्राइव्हसारख्या यूएसबी टोकनमध्ये असतं आणि त्यातली गुप्त किल्ली बाहेर काढता येत नाही, म्हणून हा प्रकार भक्कम. पण मुदत १ ते ३ वर्षांची असते आणि ती संपल्याचं नेमकं पैसे भरायच्या दिवशी कळतं. दुसरं म्हणजे ही टोकनं सीएच्या ऑफिसात ड्रॉवरमध्ये, पिन चिकटवलेल्या कागदासह पडून असतात. रिटर्न भरायला दिलेलं टोकन बँकेच्या मंजुरीलाही चालत असेल, तर तुमची सही तुमच्याजवळ नाही असंच समजा.

आमचं मत सरळ आहे. चेकरसाठी अॅपमधलं किंवा हार्डवेअर टोकन घ्या, मेकरला एसएमएस चालेल. आणि कुठल्याही प्रकारात सिमला पिन लावून ठेवा. सेटिंगमध्ये ‘सिम लॉक’ मिळेल. तो लावला की चोरलेलं सिम दुसऱ्या फोनमध्ये घालून ओटीपी घेता येत नाही. आधीचा मूळ पिन कंपनीकडून विचारून घ्या, अंदाजाने टाकू नका: तीनदा चुकला की पीयूके (अडकलेलं सिम उघडायचा कोड) लागतो, आणि पीयूके दहादा चुकला की सिम कायमचं बाद. लॉक असलेल्या पडद्यावर मेसेजचा मजकूर दिसणंही बंद करा.

ठशाबद्दल एक बारकी पण महत्त्वाची गोष्ट. बहुतेक अॅप ‘हा ठसा फोनमध्ये नोंदवलेला आहे का’ एवढंच फोनला विचारतात. तो कुणाचा, हे अॅपला कळत नाही. गेम खेळायला म्हणून नातवाचं बोट फोनमध्ये नोंदवलं असेल, तर सोसायटीच्या खात्यालाही नातवाचं बोट चालतं. फोनमधली बोटांची यादी उघडा आणि आपलं नसलेलं प्रत्येक बोट काढून टाका.

लॉगिन

गूगलवर बँकेचं नाव शोधून वरच्या लिंकवर जाऊ नका. भारतीय बँकांचे पत्ते आता ‘डॉट बँक डॉट इन’ या शेवटाचे झाले आहेत. तो पत्ता एकदा हाताने टाईप करा आणि बुकमार्क करून ठेवा. ब्राउझरमध्ये बँकेसाठी वेगळी प्रोफाइल करा, तिच्यात एकही एक्स्टेन्शन नको. ऑफिसच्या संगणकावर पासवर्ड सेव्ह करू नका. रिमोटने संगणक दुरुस्त करणाऱ्याला जोडून दिलं असेल, तर ते अॅप काढेपर्यंत बँकेत लॉगिन नाही.

खरं भगदाड: नवा लाभार्थी

ओटीपी चोरण्यापेक्षा सोपा मार्ग चोराकडे आहे. तुम्हीच आपल्या हाताने, खरा ओटीपी टाकून, त्याच्या खात्यात पैसे पाठवायचे. लिफ्ट कंपनीच्या नावाने मेल येतो: ‘आमचं खातं बदललं आहे, यापुढे खालील खात्यात रक्कम पाठवावी.’ लेटरहेड खरं वाटतं, बिलाचा आकडाही जुळतो, कारण चोर त्यांच्या मेलबॉक्समध्ये आधीच बसलेला असतो. मेलखालच्या नंबरवर फोन केला की उचलणाराही तोच.

पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर ऑगस्ट २०१८ मध्ये झालेल्या हल्ल्याचा गाभा हाच होता. एटीएमकडून ‘पैसे देऊ का’ अशी विचारणा बँकेच्या खऱ्या यंत्रणेपर्यंत गेलीच नाही. मध्ये बसवलेली खोटी यंत्रणा ‘हो’ म्हणत राहिली, आणि त्या हल्ल्यात एकूण ९४ कोटींहून अधिक रक्कम गेली, त्यातली बहुतेक याच वाटेने. ज्याच्यावर संशय आहे त्याच्याच तोंडून खात्री करून घेऊ नये, हा धडा ८० फ्लॅटच्या सोसायटीलाही तितकाच लागू.

म्हणून फोन करायचा तो जुन्या करारावरच्या किंवा मागच्या वर्षीच्या बिलावरच्या नंबरवर, आणि तो चेकरने करायचा, मेकरने नव्हे. खात्याचे शेवटचे चार आकडे आपण सांगू नका, त्यांच्याकडून वदवून घ्या.

मग खातं भरताना आयएफएससी, म्हणजे बँक-शाखेचा कोड, बघा. अकरा अक्षरं असतात: पहिली चार बँकेची, पाचवं नेहमी शून्य, उरलेली सहा शाखेची. पाचव्या जागी इंग्रजी ‘ओ’ टाईप झाला की कोड चुकतो. त्यानंतर नाव शोधण्याची सोय वापरा. एनईएफटी आणि आरटीजीएससाठी ही सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत सुरू करायला रिझर्व्ह बँकेने बँकांना सांगितलं होतं, आणि तिचे पैसे लागत नाहीत. खाते क्रमांक व आयएफएससी टाकला की समोरच्या बँकेतलं नाव पडद्यावर येतं. दुकानाच्या पाटीवर एक नाव आणि खात्यावर मालकाचं नाव, असं एकल मालकीत होतं, ते फोनवर विचारून मिटतं. पण लिफ्ट कंपनीच्या जागी कुण्या व्यक्तीचं बचत खातं दिसलं तर तिथेच थांबा.

एक रुपया पाठवून बघण्याची पद्धत चांगली आहे, पण तिच्यावर भिस्त ठेवू नका. ‘मिळाला’ हे उत्तर चोरही देतो. जुन्या नंबरवर बोलून ‘मिळाला’ ऐकलं तरच उपयोग. बँकेने नव्या लाभार्थीला लावलेला काही तासांचा थांबा आणि कमी मर्यादा घाईच्या दिवशी त्रासदायक वाटते. ती काढून टाकायची सोय असली तरी काढू नका.

पैसे पाठवायचा दिवस

आरटीजीएस २ लाख आणि त्यावरच्या रकमेला. एनईएफटीला रिझर्व्ह बँकेची किमान-कमाल मर्यादा नाही, दर अर्ध्या तासाला एक अशा दिवसात ४८ फेऱ्या असतात. आयएमपीएस ५ लाखांपर्यंत आणि तत्काळ. तिन्ही आता चोवीस तास, सुटीच्या दिवशीही चालतात. सोसायटीच्या पेमेंटला तत्काळची गरज क्वचितच असते, म्हणून एनईएफटी ठीक. आणि मंजुरी कामाच्या दिवशी सकाळी द्या. शनिवारी रात्री अकरा वाजता चूक लक्षात आली तर शाखेत उचलायला कोणी नसतं.

बरीच देणी एकदम असतील तर मेकर एक्सेलची फाइल चढवतो. इथे एक्सेल गुपचूप दगा देतं. लांब खाते क्रमांक आकडा समजून ते फक्त १५ अंक जपतं आणि सोळाव्या जागी शून्य घालतं, सुरुवातीची शून्यं तर खाऊनच टाकतं. खाते क्रमांकाचा रकाना आकडे भरायच्या आधी ‘टेक्स्ट’ करा. नंतर केला तर गेलेला अंक परत येत नाही.

चेकरने पडद्यावर काय बघायचं? फाइलमधल्या नोंदींची संख्या, एकूण बेरीज, नवे लाभार्थी किती, आणि कोणत्याही तीन ओळी खऱ्या बिलाशी ताडून. मग मंजुरी. ओटीपीचा मेसेज साधारण असा येतो: ‘खाते अखेर ४४७१ मधून रु. ९२,००० लाभार्थी अखेर ८०३६ यांना पाठवण्यासाठी ओटीपी ५८३९२०.’ आपण सवयीने शेवटचे सहा आकडे उचलतो. आधी रक्कम वाचा, मग लाभार्थीचे चार आकडे, मग ओटीपी. पडद्यावर एक आणि मेसेजमध्ये दुसरं दिसलं, तर संगणकात कुणीतरी बसलं आहे. मशीन बंद करा आणि दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा.

मेकरचा फोन आला, ‘साहेब, ओटीपी आलाय तो सांगा, मी टाकतो,’ तर तो सांगायचा नाही. मॅनेजर कितीही जुना आणि घरच्यासारखा असला तरी. त्या क्षणी दोन माणसांची पद्धत एका माणसाची होते. अॅपवर आपण काहीच भरलं नसताना मंजुरीची विनंती आली, तर ‘नाही’ दाबा आणि पासवर्ड बदला, कारण तो कुणाकडे तरी पोचला आहे.

प्रत्येक व्यवहाराचा यूटीआर (बँकेने दिलेला व्यवहार क्रमांक) व्हाउचरवर लिहा. एनईएफटीचा १६ अक्षरांचा असतो, आरटीजीएसचा २२ अक्षरांचा. एनईएफटीचे पैसे त्या फेरीनंतर दोन तासांत जमा झाले नाहीत तर परत यायला हवेत. परतीला उशीर झाला तर बँकेने व्याज द्यायचं असतं, ते मागा.

काही बिघडलं तर

ओटीपी येत नाही: आधी नेटवर्क बघा, मग मेसेजची पेटी भरली आहे का ते. पण भर वस्तीत फोनवर अचानक ‘नो सर्व्हिस’ दिसलं आणि शेजारच्याचं त्याच कंपनीचं सिम चालू आहे, तर नेटवर्कची वाट बघू नका. दुसऱ्याच्या फोनवरून आधी बँकेला सांगून आयडी बंद करा, मग सिम कंपनीकडे चौकशी.

पैसे गेलेच, तर क्रम असा: बँकेचा चोवीस तासांचा नंबर, लगेच १९३० ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन, मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार, आणि त्याच दिवशी शाखेत लेखी पत्र, पोच शिक्क्यासह. १९३० वर यूटीआर, रक्कम, वेळ आणि दोन्ही खात्यांचे आकडे विचारतात, ते हाताशी ठेवा. चोर रक्कम काही मिनिटांत चार-पाच खात्यांत फिरवतो, म्हणून कमिटीची तातडीची सभा बोलावण्यात तास घालवू नका. सभा नंतर घ्या.

रिझर्व्ह बँकेने २०१७ मध्ये घालून दिलेल्या नियमांप्रमाणे बँकेची चूक असेल तर भुर्दंड तुमच्यावर नाही. चूक तुमचीही नाही आणि बँकेचीही नाही, तर बँकेकडून सूचना मिळाल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवल्यास शून्य, चार ते सात दिवसांत कळवल्यास ठरावीक मर्यादेपर्यंत, त्यानंतर बँकेच्या धोरणानुसार. पण ओटीपी किंवा पासवर्ड तुम्ही दिला असेल, तर कळवेपर्यंतचा तोटा तुमचा. मेकरला फोनवर सांगितलेला ओटीपी इथे आडवा येतो.

कमिटी बदलते तेव्हा

निवडणूक झाली, नवे पदाधिकारी आले, चहापान झालं, आणि जुन्या सेक्रेटरीचा चेकर आयडी पुढचं वर्षभर तसाच जिवंत राहिला, हे सर्रास घडतं. आधी जुन्यांचे आयडी बंद करायचं पत्र, मग नव्यांचे फॉर्म, हा क्रम उलटा करू नका. केवायसी पूर्ण व्हायला काही दिवस जातात, तेवढ्यापुरती वीजबिलं चेकने भरा.

जुन्या सेक्रेटरीने हार्डवेअर टोकन नव्या सेक्रेटरीच्या हातात द्यायचं नसतं. ते बँकेत जमा करून पोच घ्यायची, आणि नव्याने आपल्या नावाचं नवं टोकन घ्यायचं. जुना आयडी खरंच बंद झाला का हे बघायला जुन्या सेक्रेटरीलाच समोर बसवून एकदा लॉगिन करायला सांगा. पडद्यावर ‘आयडी निष्क्रिय’ आलं की त्या पानाचा फोटो मिनिट्सच्या फाइलला लावा.